शिट्टीनंतरची लाल कार्डे

अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रोडलगतच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात २० डिसेंबर २०२३च्या रात्री इंडियन सुपर लीगच्या फुटबॉल सामन्यात मुंबई सिटीने मोहन बागानला २-१ असं हरवलं. पण तो सामना लोकांच्या लक्षात राहिला तो सात लाल कार्डांमुळे: चार मुंबईला, तीन बागानला. तेराव्या मिनिटाला मनवीर सिंगवरच्या टॅकलसाठी मुंबईचा आकाश मिश्रा बाहेर गेला. दहा जणांच्या मुंबईवर जेसन कमिंग्जने गोल चढवला, विश्रांतीच्या तोंडावर ग्रेग स्टुअर्टने बरोबरी साधली. उत्तरार्धात बागानचे आशिष राय आणि लिस्टन कुलासो थोड्याच अंतराने बाहेर गेले, दहा विरुद्ध नऊ अशी गत झाली आणि ७३व्या मिनिटाला बिपिन सिंगने विजयी गोल मारला. इथवर नियमाने आपलं काम चोख केलं. चुकलेल्या संघाने तिथल्या तिथे, त्याच हिरवळीवर किंमत मोजली. मुंबईचा राहुल भेके आणि बागानचा हेक्टर युस्ते यांना मात्र कार्ड मिळालं ते अंतिम शिट्टीनंतरच्या झटापटीत. खेळ संपलेला, निकाल लागलेला. त्या कार्डांनी त्या सामन्यात कुणाचंच काही बिघडलं नाही. गैरवर्तनाची किंमत गुणतक्त्यात उमटली पाहिजे असं मला ठामपणे वाटतं, ते अशा कार्डांमुळे.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: पुढच्या सामन्याची बंदी आहे की! आहे, पण तिचा लाभ कुणाला होतो ते पाहा. तीनच दिवसांनी, २३ डिसेंबरला, बागान आपले तीन खेळाडू बंदीमुळे बाहेर ठेवून एफसी गोवाशी खेळला आणि ४-१ असा हरला. २४ तारखेला मुंबई चौघांशिवाय कोचीत उतरली आणि केरळ ब्लास्टर्सकडून २-० अशी हरली. हे पराभव बंदीमुळेच झाले असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, आणि माझा मुद्दा तो नाहीच. मुद्दा असा की अंधेरीत भांडले दोन संघ आणि दुबळा प्रतिस्पर्धी मिळाला तिसऱ्याला आणि चौथ्याला, केवळ वेळापत्रकात त्यांचा नंबर पुढचा होता म्हणून. हंगामाअखेर तक्ता कसा लागला? बागान ४८, मुंबई ४७, गोवा ४५. १५ एप्रिल २०२४ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर बागानने मुंबईला २-१ असं नमवलं आणि साखळीतल्या अव्वल संघाला मिळणारं लीग शील्ड एका गुणाने नेलं. जिथे अव्वल तीन संघांत मिळून तीन गुणांचं अंतर उरतं, तिथे कुणाला पूर्ण ताकदीचा प्रतिस्पर्धी मिळाला आणि कुणाला अपुरा, ही बाब किरकोळ राहत नाही.

या दोन संघांचं वैर मुळात तक्त्यावरच पोसलेलं आहे. २०२०-२१च्या हंगामात दोघांचेही ४० गुण झाले. शेवटच्या साखळी सामन्यात मुंबईने बागानला २-० असं हरवलं होतं, म्हणून परस्परांतल्या लढतींच्या निकषावर शील्ड मुंबईला मिळालं. समान गुण असताना क्रम कसा लावायचा, हे शेवटी माणसांनी ठरवलेलंच असतं. मग त्या निकषांत शिस्त का नको? जागतिक फुटबॉलमध्ये ती आहे. २०१८च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल यांचे गुण, गोलफरक, केलेले गोल सगळं सारखं निघालं, आपसातला सामनाही बरोबरीत सुटलेला होता. जपानची पिवळी कार्डे चार आणि सेनेगलची सहा, म्हणून जपान पुढे गेला. आता यावर खरा वजनदार आक्षेप असा की त्याच नियमाच्या भरवशावर जपानने पोलंडविरुद्ध शेवटची काही मिनिटं चेंडू नुसता आपापसात फिरवत काढली. आक्षेप मला मान्य आहे. पिवळी कार्डे मोजली की साधी चूकही गुन्हा ठरते आणि संघ बिचकून खेळतो. म्हणून मोजायची ती फक्त थेट लाल कार्डे आणि शिट्टीनंतरची मारामारी, तीही अख्ख्या हंगामाची. ठरावीक संख्या ओलांडली की एक गुण वजा.

पंच चुकले तर? चुकतात. त्यासाठी शिस्तपालन समितीने कायम केलेलं कार्डच हिशेबात धरावं. चुरस थंड पडेल, ही भीतीही खरी नाही. बिपिनच्या गोलाला अंधेरीत जो जल्लोष झाला, त्यासाठी कुणाला धक्काबुक्की करावी लागली नव्हती. आणि संघाचे गुण कापणं आपल्याकडे अघटित नाही. डिसेंबर २०१२मध्ये ईस्ट बंगालविरुद्ध मोहन बागानच्या ओडाफाला लाल कार्ड मिळालं आणि संघ विश्रांतीनंतर मैदानात परतलाच नाही. संघावर घातलेली दोन वर्षांची बंदी नंतर मागे घेतली गेली, पण दोन कोटींचा दंड झाला आणि त्या हंगामातले तोवरचे गुण शून्य करण्यात आले. संघ तरीही टिकला, खेळला. दंड मालकाच्या खिशातून जातो. गेलेला गुण ड्रेसिंग रूममधल्या प्रत्येकाला बोचतो आणि पुढच्या वेळी कर्णधारच सहकाऱ्याचा दंड धरून त्याला मागे ओढतो.

अशा नियमाची सर्वाधिक गरज आहे ती अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या कॉलेजांमधल्या मुलांना. बाद पद्धतीच्या स्पर्धेत हरलेल्या संघाला पुढचा सामनाच नसतो, त्यामुळे शिट्टीनंतर हात उगारणाऱ्याची बंदी पुढच्या वर्षावर जाते. तोवर तो अनेकदा पदवी घेऊन बाहेर पडलेला असतो. तिथे कॉलेजच्या नावापुढे कार्डांचा रकाना ठेवावा आणि पुढच्या वर्षीचं मानांकन त्यावरून ठरवावं. त्यासाठी नवा खर्च नाही, कॅमेरे नाहीत. लागतो तो सामन्यानंतरचा पंचांचा अहवाल, आणि तो लिहिण्याची पद्धत जुनीच आहे.