अमेरिकेतील रेसिडेन्सी मॅच : ‘प्रिलिमिनरी’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ जागा यादीत कुठे भरायच्या?

आपल्या समाजातील एमबीबीएस झालेली अनेक मुलं-मुली आता नीट-पीजीसोबतच यूएसएमएलईचीही तयारी करतात. परीक्षा, ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र, मुलाखती याबद्दल घरात बोलणं होतं. पण शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे रँक लिस्ट भरताना, एक गोंधळ हमखास होतो. वर्षानुवर्षांची मेहनत आणि अब्बूंनी काढलेलं कर्ज पणाला लागलेलं असतं, म्हणून हा विषय आम्ही जरा सविस्तर मांडतो आहोत.

अमेरिकेत पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या जागा एनआरएमपी ही संस्था ‘मॅच’मधून देते. उमेदवार आपल्या पसंतीने कार्यक्रमांची यादी देतो, रुग्णालये उमेदवारांची यादी देतात आणि संगणक दोन्ही जुळवतो. निकाल मार्चमधल्या तिसऱ्या शुक्रवारी लागतो आणि तो दोन्ही बाजूंवर बंधनकारक असतो. ‘आवडली नाही, सोडून देतो’ असं म्हणता येत नाही.

जागांचे मुख्य प्रकार तीन. ‘कॅटेगोरिकल’ म्हणजे पहिल्या वर्षापासून शेवटपर्यंत पूर्ण प्रशिक्षण. इंटर्नल मेडिसिन, पेडियाट्रिक्स, फॅमिली मेडिसिनमध्ये बहुतांश जागा अशाच. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ जागा दुसऱ्या वर्षापासून सुरू होते. रेडिओलॉजी, डर्मेटॉलॉजी, अ‍ॅनेस्थेशिया, न्यूरोलॉजी, फिजिकल मेडिसिन यांत अशा जागा दिसतात. आज मॅच झाली तरी रुजू व्हायचं ते पुढच्या वर्षीच्या जुलैत. मधलं पहिलं वर्ष म्हणजे ‘प्रिलिमिनरी’. ते मेडिसिनमध्ये, सर्जरीत किंवा ‘ट्रान्झिशनल’ म्हणून करता येतं आणि ते वेगळं मिळवावं लागतं. कुठली जागा कोणती हे कार्यक्रमाच्या कोडमधल्या अक्षरावरून कळतं : सी, ए किंवा पी. ‘आर’ असेल तर ती आधी प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांसाठी राखीव असते.

इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. खरी गोम यादीत आहे, कारण यादी एक नसून दोन प्रकारच्या असतात.

पहिली ‘प्रायमरी’ यादी. अ‍ॅडव्हान्स्ड आणि कॅटेगोरिकल जागा इथे, आपल्या खऱ्या पसंतीच्या क्रमाने. दुसरी ‘सप्लिमेंटल’ यादी. ती एखाद्या अ‍ॅडव्हान्स्ड जागेला जोडायची असते आणि तिच्यात फक्त पहिल्या वर्षाच्या जागा असतात. संगणक आधी प्रायमरी यादी पाहतो. तिथे अ‍ॅडव्हान्स्ड जागा मिळाली, तरच तिला जोडलेली सप्लिमेंटल यादी उघडते.

समजा, एका मुलीला रेडिओलॉजी करायची आहे. तिची पहिली पसंती डेट्रॉइटमधली अ‍ॅडव्हान्स्ड जागा, दुसरी ह्यूस्टनमधली, तिसरी शिकागोची कॅटेगोरिकल मेडिसिन. डेट्रॉइटला तिने मिशिगनमधल्या प्रिलिमिनरी जागांची यादी जोडली, ह्यूस्टनला टेक्सासमधल्या जागांची. डेट्रॉइट मिळालं तर पहिलं वर्षही शक्यतो जवळच. एकच प्रिलिमिनरी जागा दोन्ही सप्लिमेंटल यादींत घातली तरी चालते. शिकागोला काहीच जोडायची गरज नाही, कारण तिथे पहिलं वर्ष आत आहेच.

आता चूक कुठे होते ते पाहू. घरचे म्हणतात, ‘बेटा, एक वर्ष तरी पक्कं होऊ दे,’ आणि प्रिलिमिनरी जागा प्रायमरी यादीत ह्यूस्टनच्या वर जाते. डेट्रॉइट नाही मिळालं आणि ती प्रिलिमिनरी मिळाली, तर संगणक तिथेच थांबतो. ह्यूस्टनने तिला घेण्याची तयारी ठेवली असेल तरी उपयोग नाही. हातात उरतो एका वर्षाचा करार. व्हिसावर असलेल्या मुलासाठी तर हे फार अवघड, कारण वर्ष संपल्यावर पुढची जागा नसेल तर मुक्कामाचा आधारच जातो. प्रायमरी यादीत प्रिलिमिनरी घालायचीच असेल तर ती सगळ्या अ‍ॅडव्हान्स्ड आणि कॅटेगोरिकल जागांच्या खाली. आणि तिथेही विचार करून. प्रिलिमिनरी सर्जरीच्या जागा तुलनेने सहज मिळतात हे खरं, पण त्या पुढे सर्जन होण्याची हमी देत नाहीत.

उलट बाजूही आहे. अ‍ॅडव्हान्स्ड मिळाली आणि सप्लिमेंटल यादीतलं काहीच मिळालं नाही, तर अ‍ॅडव्हान्स्ड जागा रद्द होत नाही. पहिलं वर्ष मात्र मोकळं राहतं. ‘दोन्ही मिळालं तरच द्या’ अशी अट यादीत घालता येत नाही. म्हणून सप्लिमेंटल यादी लांब ठेवावी, आणि त्यासाठी सप्टेंबरमध्येच प्रिलिमिनरीला वेगळे अर्ज करून मुलाखती दिलेल्या हव्यात. आमच्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं.

‘जिथे मिळण्याची शक्यता जास्त तेच वर’ हा सल्लाही चुकीचा आहे. या पद्धतीत वरची जागा हुकली म्हणून खालच्या जागेवरचा हक्क कमी होत नाही. ही पद्धत ज्यांच्या कामावर उभी आहे त्या अ‍ॅल्विन रॉथ यांना लॉइड शॅप्ली यांच्यासोबत 2012 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. इस्तिखारा करा, मशवरा करा, पण क्रम मनातल्या खऱ्या पसंतीचाच लावा.

डॉक्टर नवरा-बायको ‘कपल्स मॅच’मधून एकत्र यादी देऊ शकतात. पण जोडी लागते ती प्रायमरी यादीतच. सप्लिमेंटल यादी प्रत्येकाची स्वतंत्र चालते, त्यामुळे पहिलं वर्ष दोन वेगळ्या शहरांत काढावं लागू शकतं. निकाहची तारीख ठरवणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

व्हिसाचंही विचारून घ्या. अ‍ॅडव्हान्स्ड रुग्णालय जे-1 किंवा एच-1बी देतं म्हणून प्रिलिमिनरी रुग्णालयही देईलच असं नाही.

यादी भरून ‘सर्टिफाय’ करावी लागते, नुसती सेव्ह करून चालत नाही. बदल केला की पुन्हा सर्टिफाय. शेवटची वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीची नऊ, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात. गेली काही वर्षे हे दिवस रमजानच्या आसपास येत आहेत. सहरीनंतर डोळा लागण्याआधी करू, असं ठेवू नका. दोन दिवस आधीच उरकून टाका.

आणि मॅचच्या आठवड्यात सोमवारी ‘अर्धी मॅच’ असा निरोप आला, तर ‘सोप’ ही पुरवणी फेरी असते. फक्त अ‍ॅडव्हान्स्ड मिळालेल्याला तिथे प्रिलिमिनरी जागांसाठीच अर्ज करता येतो, आणि फक्त प्रिलिमिनरी मिळालेल्याला अ‍ॅडव्हान्स्डसाठीच. या काळात रुग्णालयाने स्वतः संपर्क करेपर्यंत उमेदवाराने किंवा त्याच्या वतीने कुणीही फोन-ईमेल करणं नियमभंग ठरतं. शिकागोच्या मामूजाननी ‘ओळखीच्या डॉक्टरांशी बोलतो’ म्हटलं, तर त्यांना आधीच थांबवा.