त्वचा आणि ऋतुमान – लेखांक ६ : थंडीतले ऊन, सावलीचे माप

मुंबईत ज्याला थंडी म्हणतात ती मुख्यतः रात्रीची आणि पहाटेची असते. जानेवारीतही दुपारचे कमाल तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. तरीही कोरडे वारे सुरू होऊन घामाची चिकचिक थांबली की ऊन निवळले, असे गिरगाव, लालबाग, परळ, दादर या जुन्या वस्त्यांतून दरवर्षी गृहीत धरले जाते, आणि मे महिन्यात छत्रीवाचून बाहेर न पडणारी माणसे डिसेंबरात भर दुपारी उघड्या डोक्याने हिंडू लागतात. या समजाचे मूळ शरीराच्या रचनेत आहे. उन्हाचा चटका बसतो तो मुख्यतः दृश्य प्रकाशामुळे आणि अवरक्त, म्हणजे ज्यांची ऊब जाणवते अशा, किरणांमुळे. त्वचेला सर्वाधिक इजा करणारे अतिनील किरण मात्र अंगाला जाणवतच नाहीत, आणि लाली किंवा काळपटपणा उमटतो तो काही तासांनी. हवा गार झाली की चटका कमी होतो, अतिनील किरण त्यामुळे कमी होत नाहीत.

ते कमी होतात सूर्य क्षितिजाकडे कलल्यावर, कारण तिरप्या किरणांना वातावरणातून लांबचा पल्ला काटावा लागतो आणि वाटेतला ओझोन वायू त्यांतला मोठा भाग शोषून घेतो. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने २२ डिसेंबरला, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीही, येथला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांहून अधिक उंच असतो. त्याच दिवशी लंडनमध्ये तो जेमतेम १५ अंश चढतो. हा फरक पाहण्यासाठी उपकरण लागत नाही. सूर्य ४५ अंशांवर असताना माणसाची सावली त्याच्या उंचीइतकी पडते, त्याहून वर गेला की ती आखूड होते, आणि आखूड सावली म्हणजे तीव्र अतिनील किरण, असा साधा ठोकताळा त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. लंडनमध्ये ऑक्टोबर ते मार्च या काळात मध्यान्हीची सावली उंचीपेक्षा आखूड होतच नाही. मुंबईत ती आखूड होत नाही असा दिवस वर्षात एकही नसतो. युरोपातल्या हिवाळ्यासाठी लिहिलेला सल्ला जसाच्या तसा दादरमध्ये लागू का पडत नाही, याचे उत्तर एवढ्या एका निरीक्षणात आहे.

येथे घड्याळाचाही विचार करावा लागतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरलेली आहे आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला असल्याने येथे सूर्य माथ्याशी येतो तो बाराला नव्हे, तर डिसेंबरच्या अखेरीस साडेबारानंतर आणि प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पाऊण वाजून गेल्यावर. त्यामुळे आखूड सावलीचा काळ डिसेंबरच्या अखेरीस सुमारे साडेअकरा ते पावणेदोन आणि जानेवारीच्या अखेरीस साधारण सव्वाअकरा ते अडीच असा पडतो. बारा वाजून गेले, आता ऊन उतरणीला लागले, हा हिशेब मुंबईत चुकतो.

अतिनील किरणांत दोन प्रकार महत्त्वाचे आहेत. यूव्हीबी, म्हणजे आखूड तरंगलांबीचे किरण, त्वचा भाजतात आणि सूर्याच्या उंचीनुसार फार बदलतात. यूव्हीए, म्हणजे लांब तरंगलांबीचे किरण, त्वचेत खोलवर शिरून सुरकुत्या आणि काळपटपणा आणतात, ऋतूनुसार कमी बदलतात आणि खिडकीच्या साध्या काचेतून बऱ्याच प्रमाणात आत येतात. पावसाळ्यात जाड ढग दोन्हींना अडवतात, म्हणून मुंबईत अतिनील किरणांपासून थोडी उसंत मिळते ती आषाढ-श्रावणात. मार्गशीर्ष-पौषात आकाश निरभ्र असते. सकाळचे धुरके किरणांना काही अंशी विखुरते हे खरे, परंतु विखुरलेले किरणही त्वचेपर्यंत पोहोचतातच, आणि फुप्फुसांना अपायकारक असलेली हवा त्वचेचे कवच म्हणून मोजणे कोणत्याच अर्थाने योग्य नाही.

गिरगावातल्या दक्षिणाभिमुख चाळींची गॅलरी या संदर्भात लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर असल्याने पुढे आलेले छप्पर गॅलरीवर पूर्ण सावली धरते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने तेच ऊन छपराखालून आत येऊन खोलीच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचते. नेमक्या याच दिवसांत न्हाऊन केस वाळवत, वाटाणे सोलत किंवा वर्तमानपत्र वाचत उन्हात बसण्याची पद्धत आहे. ती मोडण्याचे काही कारण नाही. उन्हाकडे तोंड करण्याऐवजी पाठ करून बसले तर कपड्यावरून ऊब मिळते आणि चेहरा सावलीत राहतो.

कोणती इजा टाळायची, हेही स्पष्ट असावे. भारतीयांच्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर असल्याने त्वचेचा कर्करोग येथे गोऱ्या लोकांच्या तुलनेत बराच कमी आढळतो, आणि त्याची धास्ती घालणे अनाठायी आहे. येथला खरा त्रास म्हणजे गालांवर आणि कपाळावर उठणारे वांग, उन्हाची अ‍ॅलर्जी, अकाली सुरकुत्या आणि डोळ्यांतला मोतीबिंदू. वांग तर दृश्य प्रकाशानेही वाढते, म्हणून त्यासाठी लोहाचे ऑक्साइड मिसळलेली, किंचित त्वचेच्या रंगाची क्रीम अधिक उपयोगी ठरते.

थंडीत त्वचा फुटते तेव्हा घरोघरी खोबरेल किंवा कोकमाचे मुठेल बाहेर निघते. तळव्यांच्या भेगांवर आणि ओठांवर कोमट करून चोळलेले मुठेल गुणकारी आहे, पण ओलावा धरणे आणि किरण अडवणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि दुसरे काम तेलावर सोपवता येत नाही. सनस्क्रीनवरचा एसपीएफ हा आकडा प्रामुख्याने यूव्हीबीपासूनचे संरक्षण सांगतो, पीएपुढची अधिक चिन्हे यूव्हीएपासूनचे. हा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून काढलेला असतो. प्रत्यक्षात माणसे त्याच्या निम्माही थर देत नाहीत. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतकी क्रीम घ्यावी आणि उन्हात असेपर्यंत दर दोन तासांनी ती पुन्हा लावावी. शिवाजी पार्कवर दिवसभर क्षेत्ररक्षण करणाऱ्या मुलांच्या नाकावर दिसणारा झिंक ऑक्साइडचा पांढरा लेप हे उत्तम संरक्षण आहे. मात्र त्यांच्या टोप्यांची झडप कान आणि मान उघडी टाकते, तिथे सभोवार कड असलेली हॅट हवी.

कापड हे क्रीमपेक्षा भरवशाचे, कारण ते पुसले जात नाही. घट्ट विणीचे, गडद रंगाचे कापड अतिनील किरण अधिक शोषते, आणि संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसण्याचा प्रघात उबेसाठी पडला असे मानले, तरी त्वचेच्या दृष्टीनेही तो सोयीचाच आहे. ड जीवनसत्त्वासाठी हातपाय काही मिनिटे उन्हात राहिले तर हरकत नाही. चेहरा त्यासाठी उन्हात धरण्याची गरज नसते.

क्रीमचा खर्च ज्यांना पेलत नाही आणि ज्यांचे ऊन चुकत नाही, अशा लोकांचा विचार अशा लेखनात सहसा होत नाही, आणि तो सर्वांआधी व्हायला हवा. दादरच्या पदपथावरचे विक्रेते, वाहतूक पोलीस, परळ-लालबागमध्ये गिरण्यांच्या जागी उठणाऱ्या मनोऱ्यांवरचे बांधकाम मजूर यांच्यासाठी पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, मानेवरून घेतलेला पंचा आणि डोक्यावर ताडपत्री एवढेच उपाय हाताशी आहेत. बांधकामावरची जेवणाची सुट्टी बहुधा आखूड सावलीच्या त्या काळातच येते. ती छताखाली घेता येईल एवढी जागा ठेकेदाराने राखून ठेवली, तर दिवसातले सर्वांत तीव्र ऊन त्या मजुरांच्या अंगावरून बरेचसे टळते.