शार जिवंत आहे का?

जपानच्या एका विज्ञानकथा मालिकेतील दोन योद्धे १९८८ साली पडद्यावरून नाहीसे झाले. ते मेले की वाचले, हा वाद अजून मिटलेला नाही. चित्रातल्या माणसांसाठी खरी माणसे इतकी का भांडतात?

२२ फेब्रुवारी १९८६. शनिवारची संध्याकाळ. जपानमधील घराघरांत मुले टीव्हीसमोर बसली होती. ‘झेटा गंडम’ या मालिकेचा पन्नासावा, म्हणजे शेवटचा भाग सुरू होता. सतरा वर्षांच्या कामीयू या नायकाने मुख्य खलनायकाला ठार केले. आता तो विजयी होऊन परतणार, मैत्रीण त्याला मिठी मारणार, असे वाटत असतानाच घात झाला. मरता मरता खलनायकाने आपल्या मनःशक्तीचा घाव त्याच्या मनावर घातला. शिरस्त्राणाच्या काचेमागे कामीयू लहान मुलासारखे असंबद्ध बोलू लागला. नायक जिंकला, पण त्याची बुद्धी गेली. मालिका तिथेच संपली.

मुलांच्या मालिकेचा असा शेवट? प्रेक्षक सुन्न झाले. पुढे कित्येक वर्षे कामीयूच्या नशिबावर वाद होत राहिले. त्यानंतरच्या ‘डबल झेटा’ मालिकेच्या अखेरीस तो बरा झालेला दिसला, तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आणि तब्बल वीस वर्षांनी, मार्च २००६ मध्ये, त्याच दिग्दर्शकाने त्याच कथेच्या चित्रपटत्रयीचा शेवट बदलला. या वेळी कामीयू शुद्धीवर राहिला. वाद मिटायला हवा होता, पण तो दुप्पट झाला. कारण आता प्रश्न आला, खरा शेवट कोणता?

अजिंक्य यंत्रे नव्हे, मरणारी माणसे

हे सारे सुरू झाले ७ एप्रिल १९७९ रोजी. नागोया येथील दूरचित्रवाणी केंद्राने ‘मोबाइल सूट गंडम’ ही मालिका दाखवायला सुरुवात केली. तोवर जपानी मालिकांतील अजस्र यंत्रमानव म्हणजे एका ठोशात राक्षसाला लोळवणारे वीर असत. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांनी वेगळी वाट धरली. १९४१ साली जन्मलेल्या तोमिनोंचे पहिले बालपण महायुद्धाच्या सावलीत गेले होते. त्यांच्या मालिकेतील यंत्रे ही शस्त्रे होती. ती कारखान्यात बनत, बिघडत, त्यांचा दारूगोळा संपत असे.

कथा भविष्यातील. माणसे अंतराळातील वसाहतींत राहू लागली आहेत. त्यांपैकी झिऑन नावाच्या राज्याने पृथ्वीच्या संघराज्याविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारले आहे. पहिल्या महिनाभरातच दोन्ही बाजूंची निम्मी लोकसंख्या नष्ट झाली, असे निवेदक सुरुवातीलाच सांगतो. अशा युद्धात आमुरो रे हा पंधरा वर्षांचा मुलगा केवळ योगायोगाने ‘गंडम’ या यंत्रात जाऊन बसतो आणि सैनिक होतो. त्याच्यासमोर उभा राहतो झिऑनचा मुखवटाधारी योद्धा शार अझनाबल. पण शार साधा खलनायक नाही. त्याच्या वडिलांना मारणाऱ्या घराण्यावर सूड घेण्यासाठी तो नाव बदलून त्यांच्याच सैन्यात शिरलेला आहे.

या मालिकेत माणसे मरतात आणि परत येत नाहीत. आमुरोच्या मनात भरलेली माटिल्डा ही अधिकारी स्त्री चोविसाव्या भागात मारली जाते. शत्रूपक्षात मरणाऱ्यांनाही प्रिय माणसे असतात आणि मालिका ती आवर्जून दाखवते.

गंमत म्हणजे पहिल्या प्रदर्शनात मालिका पडली. खेळणी विकली जाईनात, म्हणून ५२ भागांचा बेत ४३ भागांवर आणून २६ जानेवारी १९८० रोजी ती आटोपती घेण्यात आली. पण पुनःप्रसारण झाले, ‘आउट’ आणि ‘अ‍ॅनिमेक’ यांसारख्या मासिकांनी तिची बाजू लावून धरली, जुलै १९८० मध्ये बांदाई कंपनीची ३०० येन किमतीची जोडणीची प्रतिकृती बाजारात आली आणि वारे फिरले. २२ फेब्रुवारी १९८१ रोजी टोकियोच्या शिंजुकू स्थानकासमोर पहिल्या चित्रपटाच्या निमित्ताने मेळावा भरला, त्याला सुमारे १५ हजार तरुण जमले. तेथे शार आणि लालाच्या वेशातील एका तरुण जोडीने नव्या युगाचा जाहीरनामा वाचला.

कपाळावर टिकली असलेली मुलगी

ही लाला कोण? लाला सून हे तिचे पूर्ण नाव. (आपल्याकडच्या ‘सून’शी त्याचा काही संबंध नाही.) सावळा वर्ण, कपाळावर टिकली. ती भारतीय वंशाची मानली जाते. जगाच्या त्या टोकाला रंगलेल्या या वादाच्या मुळाशी आपल्याकडची एक मुलगी आहे, हे वाचून आपल्याला नवल वाटेल.

शारने तिला आसरा दिलेला. दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची तिची शक्ती अचाट. रणांगणावर आमुरोची आणि तिची गाठ पडते तेव्हा शत्रू असूनही दोघांची मने क्षणभर एक होतात. पण एकेचाळिसाव्या भागात आमुरोचा वार शारवर पडणार, इतक्यात लाला मध्ये येते आणि आमुरोच्या हातून मरते. एकाने जिला गमावले, तिला दुसऱ्याने नकळत मारले. पुढची चौदा वर्षे हे दोन पुरुष ते मरण उराशी घेऊन जगतात.

प्रेत दिसले नाही...

१२ मार्च १९८८ रोजी ‘शारचा प्रतिहल्ला’ हा चित्रपट आला. आमुरो आता एकोणतीस वर्षांचा. शारला पृथ्वीवरच्या माणसांचा वीट आला आहे. पृथ्वी राहण्याजोगी ठेवायचीच नाही, म्हणजे सगळे अंतराळात जातील, या हट्टाने तो एक प्रचंड लघुग्रह पृथ्वीवर पाडायला निघतो. आमुरो शारला त्याच्या सुटकेच्या कुपीसकट पकडतो, त्या खडकात दाबून धरतो आणि आपल्या एकट्या यंत्राने कोसळता खडक मागे रेटू लागतो. त्या अवस्थेतही दोघे भांडतात, शेवटी लालावरूनच! मग एक विलक्षण प्रकाश पसरतो, खडकाची दिशा बदलते, पृथ्वी वाचते. आणि ते दोघे? ते पुन्हा दिसत नाहीत. मृतदेह नाही, यंत्राचे अवशेष नाहीत, अंत्यविधी नाही.

इथे वादाला खरे तोंड फुटले. एक पक्ष म्हणतो, ज्या प्रकाशाने एवढा खडक हलवला, त्याने दोन माणसांना वाचवले नसेल कशावरून? दुसरा पक्ष म्हणतो, इतक्या वर्षांत दोघांपैकी एकही परतला नाही, एवढा पुरावा पुरे. तिसरा पक्ष म्हणतो, ते जिवंत आहेत की नाहीत, हा प्रश्नच चुकीचा. ज्यांना एकमेकांशिवाय दुसरे कोणी समजू शकत नव्हते, ते अखेर एकत्र गेले, गोष्ट तिथेच पुरी झाली.

आपल्याला हे ऐकून हसू येत असेल, तर पानिपत आठवावे. १७६१ च्या त्या संहारानंतर सदाशिवरावभाऊंचे नेमके काय झाले, याविषयी लोकांच्या मनात शंका राहिली. पार्वतीबाईंनी वैधव्य मानले नाही असे सांगतात. पुढे मीच भाऊसाहेब म्हणत तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसेही गेली. १७७६ साली त्याला देहदंड झाला तेव्हा कुठे ते प्रकरण संपले. डोळ्यांनी पाहिले नाही तोवर मन मरण मान्य करत नाही. मग ते मरण इतिहासातले असो वा पडद्यावरचे.

योगायोग असा की गंडममध्येही तोतया आला. हारुतोशी फुकुई यांची ‘युनिकॉर्न’ ही कादंबरी २००७ पासून प्रसिद्ध झाली आणि २०१० ते २०१४ या काळात ती पडद्यावर आली. तिच्यात शारचा चेहरा, शारचा मुखवटा आणि शारचाच आवाज घेऊन एक नेता उभा राहतो. लोक त्याला शारचा दुसरा अवतार म्हणतात. तो खरा शार नव्हे, हे हळूहळू उलगडते. शेवटी त्याच्या अंतसमयी लाला, शार आणि आमुरो यांच्या आकृती क्षणभर दिसून जातात. ते आत्मे होते, म्हणजे दोघे मेलेच, असे दुसऱ्या पक्षाने जाहीर केले. पहिल्या पक्षाने अर्थातच हरकत घेतली.

मेलेला परत आला तर आनंद की फसवणूक?

जपानी प्रेक्षक इतके सावध का? तर त्यांनी मेलेले परत येताना पाहिले आहेत. ‘अंतराळ युद्धनौका यामातो’ या १९७४ च्या मालिकेत वृद्ध कप्तान ओकिता शेवटच्या भागात पृथ्वी दृष्टीस पडताच प्राण सोडतो. त्या प्रसंगाने अनेकांना रडवले. १९८३ च्या चित्रपटात तोच कप्तान पुन्हा सुकाणू धरायला हजर! खुलासा काय, तर जहाजावरच्या डॉक्टरांचे निदान चुकले होते. याच मालिकेचा तरुण नायक कोदाई १९७८ च्या उन्हाळ्यात चित्रपटात मेला आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या टीव्ही मालिकेत जगला.

गंडमलाही हा मोह आवरला नाही. २००२-०३ च्या ‘गंडम सीड’मध्ये मू ला फ्लागा हा लोकप्रिय वैमानिक मैत्रिणीचे जहाज वाचवताना स्फोटात नाहीसा होतो. त्याचे रिकामे शिरस्त्राण अंतराळात तरंगताना दाखवले गेले. पण २००४ साली पुढची मालिका आली तेव्हा तो स्मृती हरवलेल्या अवस्थेत दुसऱ्या नावाने शत्रूपक्षात होता! दरम्यानच्या सुधारित आवृत्तीत ते तरंगते शिरस्त्राण काढूनही टाकले होते.

असे प्रकार काही परदेशातच होत नाहीत. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ मधला मिहिर गेला तेव्हा घराघरांत हळहळ झाली आणि प्रेक्षकांच्या आग्रहाखातर तो परत आला. कॉनन डॉइल यांनी १८९३ साली मारलेल्या शेरलॉक होम्सलाही दहा वर्षांनी परत आणावे लागले होते.

परत आलेल्या माणसाचा आनंद होतोच. मग त्यावर भांडण कसले? इथे युद्धकथेचा प्रश्न वेगळा ठरतो. मू परत आला, छान झाले. पण त्याच्या मरणाने जो धक्का बसला होता, त्याचे काय? ज्या गोष्टीत लाडकी माणसे वाचणार हे ठरलेले असते, त्या गोष्टीत युद्ध म्हणजे नुसता दिवाळीतला दारूकामाचा सोहळा होऊन बसतो. म्हणूनच पात्राला वाचवा म्हणणारे आणि त्याला मेलेलेच राहू द्या म्हणणारे, दोघांचेही त्या पात्रावर सारखेच प्रेम असते. एकाला तो माणूस हवा असतो, दुसऱ्याला त्याच्या मरणाचा मान राखायचा असतो.

पात्राचे नशीब केवळ लेखकाच्या हाती नसते, हेही खरे. ‘शारचा प्रतिहल्ला’च्या पहिल्या आराखड्यात आमुरोची प्रेयसी गरोदर होती. नायक बाप होणार ही कल्पना निर्मात्यांच्या बैठकीत नामंजूर झाली. तोमिनोंनी ती कथा स्वतंत्र कादंबरी म्हणून लिहिली. त्याआधी मूळ मालिकेवरच्या कादंबऱ्यांत तर त्यांनी खुद्द आमुरोलाच मारले होते. एकाच लेखकाने एकाच मुलाला पडद्यावर जगवले आणि कागदावर मारले!

बाप आणि मुलगा

या सर्व वादांत कुटुंबवत्सल वाचकाच्या काळजाला हात घालणारा वाद हॅथवेचा आहे. आमुरोच्या जहाजाचा कप्तान ब्राइट नोआ, त्याचा हा मुलगा. ‘शारचा प्रतिहल्ला’मध्ये तो कोवळा पोर आहे आणि आवडलेली मुलगी डोळ्यांदेखत मेलेली पाहतो. १९८९-९० मध्ये तोमिनोंनी त्याच्यावर तीन खंडांची कादंबरी लिहिली. मोठा झालेला हॅथवे सरकारविरुद्ध बंड करतो, पकडला जातो आणि गोळ्या घालून त्याला मृत्युदंड दिला जातो. बापाला हे ठाऊकही नसते. पण वर्तमानपत्रांत मात्र छापून येते की बापानेच मुलाला शिक्षा दिली.

२०२१ साली या कादंबरीवरच्या तीन चित्रपटांपैकी पहिला आला, तेव्हापासून प्रेक्षकांत एकच प्रश्न घुमू लागला. पडद्यावर हा शेवट ठेवतील का? विशेष म्हणजे ज्यांनी ती कादंबरी शाळकरी वयात वाचली, ते आता स्वतः मुलांचे बाप आहेत. तेव्हा ते हॅथवेच्या बाजूने वाद घालत होते, आज त्यांना ब्राइटची बाजू दिसते. गोष्ट तीच, पण ती ऐकणारा बदलला.

पुन्हा लाला

२०२५ च्या एप्रिल ते जून या काळात ‘जीक्वॅक्स’ ही नवी मालिका आली. तिने तर हा वादच कथेत ओढून घेतला. त्यात उलगडते ते असे. कुठल्याशा एका जगात लालाच्या डोळ्यांदेखत शार मारला गेला. ते तिला सोसवले नाही. तो जगेल असे दुसरे जग तिने मनाच्या शक्तीने उभे केले. तिथेही तो मेला. मग तिसरे, मग चौथे. प्रत्येक जगात तिने त्याला वाचवण्याची धडपड केली आणि प्रत्येक जगात तो तिच्या हातून निसटला.

वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या घालणाऱ्या आपल्या आयाबहिणींना ही गोष्ट परकी वाटणार नाही. सावित्रीला यमाने तिचा नवरा परत दिला. लालाला कोणी दिला नाही, पण मागे फिरायला तीही तयार नव्हती. इतकी वर्षे ‘शार जिवंत असेल का?’ असे विचारणारे प्रेक्षक तरी दुसरे काय करत होते?

तेव्हा आपल्या घरात एखादा मुलगा वा मुलगी चित्रमालिकेतले कोणी गेले म्हणून जेवणाचे ताट बाजूला सारून बसली, तर ‘खरा का होता तो?’ असे म्हणून उडवून लावू नये. जवळ बसावे आणि तो कसा गेला, कोणासाठी गेला, ते विचारावे. गेलेले माणूस मनातून जात नाही आणि हाका मारूनही परत येत नाही, हे दोन्ही ते पोर त्या क्षणी शिकत असते. खऱ्या आयुष्यात हा धडा कधी ना कधी वाट्याला येतोच. त्याची पहिली उजळणी चित्रातल्या माणसावर झाली, तर त्यात वाईट काय?