उपग्रह पुरेसे, पण भरवशाचे?

उपग्रहांच्या आधाराने मार्ग काढणाऱ्या विमानासाठी उड्डाणाआधी एक हिशेब मांडला जातो: ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळी पुरेसे उपग्रह योग्य दिशांना असतील का? विमानातला रिसीव्हर अनेक उपग्रहांचे संकेत एकमेकांशी ताडून खोटा पडणारा संकेत ओळखतो. या सोयीला ‘रेम’ म्हणतात. ती प्रवासभर मिळेल की नाही, हे या हिशेबातून आधी पाहणे म्हणजे रेम-तपासणी. पनवेल तालुक्यातील नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी विमाने उडू लागली. विमानतळ नवा असला, तरी या तपासणीबद्दलचे गैरसमज जुनेच आहेत.

मोबाइलवरचा ठिपका बरोबर जागा दाखवतो, मग विमानाला वेगळी तपासणी कशाला, असे अनेकांना वाटते. मोबाइल टॉवरची आणि वायफायचीही मदत घेतो. शिवाय ठिपका पुलावरून खालच्या रस्त्यावर घसरला, तर चालकाला ते डोळ्यांनी कळते. ढगांतून उतरणाऱ्या वैमानिकाला ताडून पाहायला बाहेर काहीच नसते. म्हणून विमानाच्या बाबतीत अचूकतेइतकाच प्रश्न भरवशाचा असतो. जागा काढायला चार उपग्रह लागतात. त्यांपैकी एखादा चुकतो आहे हे कळायला पाचवा, आणि नेमका कोणता ते ओळखून त्याला वगळायला सहावा. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे तीसेक उपग्रह आहेत, पण एका ठिकाणाहून एका वेळी त्यांतले थोडेच दिसतात, आणि ते एकाच बाजूला गोळा झालेले असले तर संख्या असूनही उपयोग कमी. एखादा उपग्रह दुरुस्तीसाठी बंद असेल, तर तेही हिशेबात धरावे लागते. पाच मिनिटांपेक्षा जास्त सलग खंड दिसला, तर उड्डाणाची वेळ किंवा मार्ग बदलतात.

पावसाळ्यात ढगांमुळे जीपीएस बिघडते, ही समजूत कोकणपट्टीत सहज पटते, पण चुकीची आहे. 1575.42 मेगाहर्ट्झचा संकेत ढग-पावसातून जवळपास बिनधोक येतो. त्याला खरा त्रास होतो तो ढगांच्या कितीतरी वर असलेल्या आयनांबर (आयनोस्फिअर) या थरात. भारतासारख्या विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात, विशेषतः सूर्यास्तानंतरच्या काही तासांत आणि मार्च-सप्टेंबरच्या आसपास, या थरात होणाऱ्या उलथापालथीने संकेत लुकलुकतो. या थराचा अभ्यास करणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलमध्ये आहे.

‘गगन’ असताना ही तपासणी कालबाह्य झाली, हे अर्धसत्य आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांनी उभारलेली ‘गगन’ ही जीपीएसच्या चुका सुधारून त्याच्या भरवशाची माहिती देणारी जोडयंत्रणा आहे. भारताची स्वतंत्र दिशादर्शन यंत्रणा ‘नाविक’ वेगळी. एप्रिल 2022 मध्ये इंडिगोचे एटीआर विमान राजस्थानातील किशनगडला ‘गगन’च्या आधारे उतरले. ‘गगन’चा रिसीव्हर असलेल्या विमानाला तिच्या क्षेत्रात वेगळा रेम-अंदाज सहसा लागत नाही. पण सेवा बंद असल्याची सूचना निघाली आहे का, हे पाहावेच लागते. असा रिसीव्हर नसलेल्या विमानांसाठी तर पूर्ण हिशेब मांडावाच लागतो. एप्रिल 2022 मध्ये इंडिगोचे एटीआर विमान राजस्थानातील किशनगडला ‘गगन’च्या आधारे उतरले.

सर्वांत धोकादायक समज म्हणजे अंदाज ‘ठीक’ आला की आकाश मोकळे. हा अंदाज उपग्रहांच्या ज्ञात कक्षांवरून काढलेले गणित आहे. जमिनीवरून कुणी संकेत दाबला किंवा बनावट संकेत सोडला, तर ते त्यात दिसत नाही. दिल्ली विमानतळाजवळ असे बनावट संकेत आढळल्याचे केंद्र सरकारने डिसेंबर 2025 मध्ये संसदेत सांगितले. अशा तक्रारी आलेल्या विमानतळांत मुंबईचेही नाव होते. म्हणूनच उपग्रहांवर विसंबूनही जमिनीवरील रेडिओ दिशादर्शक केंद्रांचे किमान जाळे देशात चालू ठेवले आहे.