सापाचे जेवण : घरचा उंदीर की फ्रीजरमधला?

प्रतिनिधी

नागपंचमीला सापापुढे दुधाची वाटी ठेवण्याची आपली रीत जुनी असली, तरी साप दुधावर जगत नाही. तो निखळ मांसाहारी आहे. नाग, धामण, अजगर हे देशी साप घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा असल्याने त्यांच्या जेवणाचा प्रश्न आपल्या घरांत सहसा येत नाही. मात्र अमेरिका किंवा ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरात मुलाने कॉर्न स्नेक अथवा बॉल पायथॉन आणण्याचा हट्ट धरला, की आठवड्याभरातच तो आईवडिलांसमोर उभा राहतो. उंदीर घरी वाढवायचे, की गोठवलेले विकत आणायचे?

घरच्या पैदाशीचे आकर्षण समजण्यासारखे आहे. पांढऱ्या उंदराची मादी सहा ते आठ आठवड्यांत वयात येते, सुमारे तीन आठवडे गाभण राहते आणि एका वेतात सहा-आठ, कधी बारा पिले देते. विल्यानंतर दिवसभरात ती पुन्हा गाभण राहू शकते. एक नर आणि दोन माद्या ठेवल्या, वेतांमध्ये विश्रांती दिली, तरी वर्षाला शंभरावर उंदीर सहज होतात. उलट पूर्ण वाढलेला कॉर्न स्नेक दहा ते चौदा दिवसांनी एक उंदीर खातो, म्हणजे वर्षाला फार तर पस्तीस-छत्तीस. उरलेल्यांचे काय? ते मारून गोठवायचे. म्हणजे फिरून फ्रीजरपाशीच येणे झाले! पिंजरे, खाद्य, लाकडाचा भुसा आणि नराच्या मुताचा न जाणारा वास जमेस धरला, तर एका सापासाठी हा व्याप म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

खरी अडचण मात्र मारण्याची आहे. जिवंत उंदीर सापापुढे टाकणे उंदरासाठी क्रूर आणि सापासाठीही धोक्याचे असते. भूक नसलेल्या सापाला उंदीर कुरतडतो आणि त्या जखमा चिघळतात. ब्रिटनच्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार पाळीव प्राण्याला अनावश्यक यातना देणे हा गुन्हा आहे. वेदना न देता मारायचे तर कार्बन डायऑक्साइडची व्यवस्था आणि सराव लागतो. त्यातही नवजात पिलांवर हा वायू लवकर परिणाम करत नाही. शाळकरी मुलाच्या छंदापायी हे काम बहुधा आईच्या किंवा वडिलांच्या वाट्याला येते, हे आधीच लक्षात घ्यावे. जिवंत उंदरांपासून रोगही येतात. २०१२ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात उंदीर-पैदास केंद्रातील कामगारांना एलसीएम या विषाणूची लागण झाली होती. गर्भवतीला हा संसर्ग झाल्यास गर्भाला गंभीर इजा पोहोचू शकते.

म्हणून एक-दोन साप असणाऱ्याने गोठवलेलेच आणावेत. डोळेही न उघडलेल्या ‘पिंकी’पासून पूर्ण वाढीच्या उंदरापर्यंत हवा तो आकार मिळतो. सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढ्या जाडीचा उंदीर निवडावा. दरवर्षी डझनावारी सापाची पिले काढणाऱ्याचे गणित वेगळे. त्याला घरची पैदास परवडते.

पण गोठवलेले म्हणजे निर्धोक नव्हे. थंडीने साल्मोनेला मरत नाही. असे उंदीर हाताळल्याने लोक आजारी पडल्यावर २०१० मध्ये अमेरिकेत एका उत्पादकाला आपला माल परत मागवावा लागला. ब्रिटनमध्ये २०१५ पासून २०२१ पर्यंत अशाच साथीत ८०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. पाच वर्षांखालील मुलांना हा जुलाब जिवावर बेतू शकतो. तेव्हा उंदरांची पिशवी अन्नापासून वेगळी ठेवावी, स्वयंपाकघराबाहेर स्वतंत्र भांड्यात वितळू द्यावी, मायक्रोवेव्ह टाळावा आणि साबणाने हात धुवावेत. लहान मुलाला उंदराला किंवा सापाला हात लावू देऊ नये.

वितळलेला उंदीर साप खाईल का, ही शंका बॉल पायथॉनच्या बाबतीत रास्त आहे. त्याच्या ओठांवरील खाचा भक्ष्याची ऊब टिपतात, त्यामुळे थंड उंदराकडे तो ढुंकूनही पाहत नाही. पूर्ण वितळलेला उंदीर बंद पिशवीत घालून कोमट पाण्यात धरावा आणि लांब चिमट्याने सापापुढे हलवावा. तरीही नाकारला, तर तो फेकून द्यावा, पुन्हा गोठवू नये, आणि आठवड्याने नवा द्यावा. धडधाकट मोठा बॉल पायथॉन कित्येक आठवडे उपाशी राहू शकतो. घाबरून जिवंत उंदीर आणायला धावण्याचे कारण नाही.