डुकराचा नर, वैशाख आणि आपण

सातपुड्याच्या पायथ्याशी, सोनाळ्याच्या कडेला माझ्या मामाची झोपडी होती. आम्ही कैकाडी. टोपल्या विणायच्या आणि डुकरे राखायची, ही घरची रीत. मी अकरा वर्षांचा असताना, ऐन आषाढात मामाने आपला चांगला धडधाकट नर खाटकाला विकला. वैशाख-ज्येष्ठात त्याने भरलेल्या तिन्ही माद्या उलटल्या होत्या. "नर कामातून गेला. आता याले ठेवून काय करता?" मामा म्हणाला. मामीच्या मते कोणाची तरी नजर लागली होती. गावातले एक शहाणे म्हणाले, "या लोकांना जनावर राखताच येत नाही." दुसरा नर आणायला मामाने व्याजाने पैसे काढले. ते कर्ज फिटायला दोन वर्षे लागली.

आज मी शाळेत विज्ञान शिकवतो. तो नर बाद झालेला नव्हता, हे मला फार उशिरा कळले. मामा दोन महिने थांबला असता तर त्याच नरापासून माद्या गाभण राहण्याचा पुरता संभव होता.

डुकराचा विषय या पानांवर कशाला, असे काही मित्र विचारतील. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी हीनत्व लादणाऱ्या चालीरीती टाकून देण्याचे आवाहन केले. ते खरेच आहे. ज्याला हा धंदा सोडता येतो त्याने तो जरूर सोडावा. पण ज्याची चूल आजही त्याच्यावर पेटते त्याला आपण कोणते ज्ञान देणार? २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ९० लाख डुकरे मोजली गेली. ती २०१२ पेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी होती. या आकड्यांमागे माणसे आहेत. बुलढाण्यात कैकाडी अनुसूचित जातींत मोडतो आणि शेजारच्या जालना जिल्ह्यात पाऊल टाकले की तोच विमुक्त होतो. यादी बदलते, ऊन बदलत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नराच्या अंडकोषात बीज तयार व्हायचे तर तिथले तापमान शरीरापेक्षा काही अंशांनी कमी लागते. बैलाचा किंवा बोकडाचा अंडकोष खाली लोंबतो, त्याला वारा लागतो. डुकराचा मात्र मागच्या बाजूला अंगाला चिकटून असतो. त्यातच डुकराला अंग थंड करण्यापुरता घाम येत नाही. हवा २९-३० अंशांच्या वर बरेच दिवस राहिली की बीज बिघडू लागते. शुक्रजंतू कमी होतात, जे असतात त्यांतले बरेच वेडेवाकडे आणि मंद असतात. नर सुस्तावतो, चारा कमी खातो, मादीकडेही फारसा वळत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, हे लक्षात घ्या.

खरी गोम पुढे आहे. डुकराचे बीज एका दिवसात तयार होत नाही. अंडकोषात घडून, पुढच्या नळीत पिकून बाहेर पडेपर्यंत त्याला साधारण दीड महिना लागतो. त्यामुळे वैशाखाचा घाव वैशाखातच पुरता दिसत नाही. तो दोन ते सहा आठवड्यांनी दिसतो आणि पुढे महिना-दीड महिना टिकतो. पाऊस पडतो, हवा गार होते, नर ताजातवाना दिसतो. पण त्याच्या अंगातले बीज अजून उन्हाळ्यातलेच असते. मामा फसला तो इथेच. आषाढातल्या गारव्यात त्याला उन्हाची आठवण राहिली नाही. साध्या आजारात आलेला तापही असाच घाव करतो. उन्हाने माद्यांचाही माज बिघडतो, तेव्हा सगळा दोष नराच्याच माथी मारू नये.

थंड देशांत दिवसाच्या लांबीचाही परिणाम होतो. युरोपातले रानडुक्कर दिवस लहान होऊ लागले की माजावर येतात आणि पाळीव डुकरांतही त्या सवयीचा अंश उरला आहे. सोनाळ्याला सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जेमतेम अडीच तासांचा फरक असतो. म्हणून आपल्याकडे उजेडापेक्षा उष्म्याचा विचार आधी करायला हवा.

डुक्कर चिखलात लोळते ते घाणीची आवड म्हणून नव्हे. अंगावरचा चिखल साध्या पाण्यापेक्षा सावकाश वाळतो आणि तेवढा वेळ अंग थंड ठेवतो. चिखल हाच त्याचा घाम आहे. ज्या कारणावरून या जनावराला आणि त्याच्या धन्याला गलिच्छ ठरवले गेले, ती त्या जनावराची जगण्याची धडपड होती. वस्ती गावाबाहेरच्या उघड्या बरडावर, झाडे दुसऱ्याच्या बांधावर आणि पाणवठ्यावर डुकराला मज्जाव. खारपाणपट्ट्यात तर माणसालाच गोड्या पाण्याची मारामार. ऊन सगळ्यांवर सारखे पडते, सावली मात्र सारखी वाटलेली नाही. नराचे वांझपण यातूनही येते.

उपाय आवाक्यातले आहेत. फाल्गुनातच पऱ्हाट्यांचा मांडव घालावा. त्याखाली हातभर खोल खड्डा करून त्यात सांडपाणी सोडावे. भर दुपारी नरावर ओले पोते टाकावे. पिण्याचे पाणी दिवसभर समोर असावे. मादी दाखवायची ती पहाटे, खाणे द्यायचे ते सकाळ-संध्याकाळच्या गारव्यात. जमल्यास वस्तीत मिळून दोन नर ठेवावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तारखा लिहाव्यात. मादी २१ दिवसांनी पुन्हा माजावर आली तर ती उलटली. नाही आली तर ११४ दिवसांच्या आसपास विईल. उन्हाळ्यात भरलेल्या माद्या उलटल्या म्हणून नराचा निकाल लावू नये. हवा गार झाल्यावर निदान दोन महिने वाट पाहावी.

मामा आता नाही. त्याचा मुलगा दोन नर राखतो. मी त्याला शाळेतली एक कोरी वही दिली. त्याला लिहिता येत नाही, म्हणून त्याची सहावीतली मुलगी तारखा टिपते. मागच्या आषाढात एक मादी उलटली तेव्हा खाटीक दारात आला होता. त्या पोरीने वही उघडली, बोटांवर आठवडे मोजले आणि बापाला म्हणाली, "आबा, भादव्यालोक थांबा."

नर अजून वस्तीत आहे.