जुन्या वाहनाचे स्पार्क प्लग : बदलावेत की ठेवावेत?

भाजीपाला बाजारात नेणे, बी-बियाणे आणणे, आजाऱ्यास दवाखान्यात पोचविणे, अशा कामांसाठी अनेक शेतकऱ्यांकडे जुनी मोटारसायकल किंवा पेट्रोलवर चालणारी जीप असते. अशी गाडी ऐन वेळी सुरू होईनाशी झाली, म्हणजे नुकसान केवळ पेट्रोलचे होत नाही. "गाडी जुनी, आता तिच्यावर खर्च कशाला?" असे काहीजण म्हणतात, तर काहीजण प्रत्येक बिघाडावर प्लग बदलणे हाच उपाय समजतात. हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

प्लगचे कार्य

पेट्रोल व हवेचे मिश्रण प्लगच्या ठिणगीने पेटते. चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटास 3,000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरात मिनिटास 1,500 वेळा मिश्रण पेटवावे लागते. या सततच्या ठिणग्यांनी प्लगची टोके झिजतात व त्यांमधील फट वाढते. फट वाढली की ठिणगी पडण्यास अधिक दाबाची वीज लागते. जुन्या कॉइलला ती पुरविता आली नाही, तर ठिणगी चुकते, गाडी झटके देते आणि पेट्रोल न जळता वाया जाते. हे न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन काढते व इंजिनाची झीज वाढविते.

पाहणी कशी करावी

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच प्लग काढावा. तत्पूर्वी भोवतालची धूळ झटकावी. अन्यथा ती सिलिंडरात पडते. जीपच्या प्लगच्या तारांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांवर खुणा कराव्यात.

प्लगचा रंग पाहून पुढीलप्रमाणे निदान करावे :

1. फिकट तपकिरी वा राखाडी : इंजिन ठीक आहे. टोके धारदार असतील, तर फट तपासून तोच प्लग वापरावा.
2. कोरडी काळी काजळी : पेट्रोल अधिक जात आहे, किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. प्रथम तो दोष काढावा.
3. ओले, तेलकट काळे : पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजले असण्याचा संभव आहे. नवा प्लगही लवकरच असाच होईल.
4. पांढरे, फोड आलेले : इंजिन प्रमाणाबाहेर तापत आहे. कारण त्वरित शोधावे.

जीपचा एकच प्लग खराब दिसल्यास तो साफ करून दुसऱ्या सिलिंडरात बसवून पाहावा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग बदलावा. जागीच राहिला तर दोष त्या सिलिंडरचा, कॉइलचा अथवा तारेचा समजावा.

केव्हा बदलावा

टोके गोलसर झिजली असतील, चिनी मातीस तडा गेला असेल, किंवा पुस्तिकेत दिलेले अंतर पूर्ण झाले असेल, तर प्लग निश्चित बदलावा. जीपचे सर्व प्लग एकाच वेळी बदलणे हिताचे असते. पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमांकाचाच प्लग घ्यावा.

नवा प्लग प्रथम हातानेच फिरवून बसवावा, म्हणजे आटे बिघडत नाहीत. वॉशर टेकल्यावर पान्याने सुमारे अर्धा ते पाऊण फेरा आवळावा. अधिक जोर करू नये.

ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनास स्पार्क प्लग नसतो, हे ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस अवश्य समजावून सांगावे. प्लगचा खर्च थोडा असतो. परंतु तो दोष ओळखल्यानंतरच केल्यास सार्थकी लागतो.